शेजारणीबद्दल अभिनंदन

गेल्या मार्चमध्ये शेजारणीचा सत्तरावा वाढदिवस झाला. दोन आठवडे आधी तिने दाराच्या फटीतून कार्ड टाकलं होतं: शनिवार, दुपारी दोन ते पाच. त्या दिवशी इथला, नेदरलँड्समधला तो बारीक, तिरका, छत्रीला न जुमानणारा पाऊस होता. ट्युलिपची जुडी छातीशी धरून मी तिच्या दारात उभी राहिले. आत शिरताच ओल्या कोटांचा आणि ताज्या कॉफीचा वास एकदमच आला. ती स्वयंपाकघरात कपबशांत गुंतली होती. तिने तिथूनच हात हलवला आणि मला दिवाणखान्यात जायला सांगितलं. तिथे भिंतीला लागून गोलाकार खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांत मला अनोळखी अशी माणसं बसलेली. दाराजवळचे एक उंच गृहस्थ उठले, हात पुढे केला, आपलं नाव सांगितलं, माझं ऐकून घेतलं आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "खेफेलिसितेर्त मेत य बूरफ्राउ!" म्हणजे तुमच्या शेजारणीबद्दल तुमचं अभिनंदन. त्यांच्या शेजारच्या बाई उठल्या. हात, नाव, आणि पुन्हा शेजारणीबद्दल माझं अभिनंदन. मग तिसरे, मग चौथे. खुर्ची मिळेपर्यंत साऱ्या खोलीने माझं अभिनंदन केलं होतं.

मीही रीत पाळत होते. बहिणीला म्हटलं, तुमच्या बहिणीबद्दल अभिनंदन. मुलाला म्हटलं, आईबद्दल अभिनंदन. जावयाला सासूबद्दल, नातीला आजीबद्दल. नेदरलँड्समध्ये येऊन मला आता बरीच वर्षं झाली आहेत आणि वाढदिवसाची ही पद्धत मला ठाऊक होती. तोवर मी ती नातेवाइकांपुरती समजत होते. त्या दिवशी ते अभिनंदन माझ्याकडे, एका शेजारणीकडे आलं आणि घरी परतल्यावरही मनातून जाईना. त्या बाईंच्या सत्तर वर्षांत माझा वाटा तो काय? कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर काढायचे हे तिने मला शिकवलं. तिची पार्सलं मी ठेवून घेते, माझी ती. उन्हाळ्यात कुंपणावरून थोड्या गप्पा. एवढ्या भांडवलावर एका अनोळखी माणसाने मला तिच्या आनंदाची हक्कदार ठरवलं, तेही काही न विचारता.

माझी नजर नंतर कितीतरी दिवस त्या खोलीतच होती.

इथल्या वाढदिवसाचा तो गोल इथल्याच लोकांना फारसा आवडत नाही. तरुण मंडळी त्याला कंटाळतात. गुडघ्यावर बशी सांभाळत बसायचं, कॉफी, केकचा एक तुकडा, मग दुसरी कॉफी, मग चीजचे चौकोनी तुकडे आणि लिव्हरवर्स्टच्या चकत्या. डाव्या हाताला हवामान, उजव्या हाताला कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. कुणी नवीन आलं की पुन्हा सारे उठणार, पुन्हा हात, पुन्हा अभिनंदनाची फेरी. त्यात वेळ जातो, बोलणं तुटतं. पण मला त्या तुटण्यातच काहीतरी दिसत राहतं. आलेल्या माणसाला गोलात जागा करून दिल्याशिवाय गप्पा पुढे जात नाहीत. वाढदिवस विसरू नये म्हणून इथे घरोघरी संडासाच्या दारामागे वर्षानुवर्षं चालणारं एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात वार नसतात, फक्त तारखा आणि नावं. पाहुण्यालाही ते वाचायला भरपूर निवांतपणा मिळतो. एकदा अशाच एका घरी त्या कॅलेंडरवर मला माझ्या मुलीचं नाव दिसलं, निळ्या शाईत, आमच्या आडनावाचं स्पेलिंग जरा चुकवून लिहिलेलं. त्या घराशी आपलं इतकं आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं.

साताऱ्यात आमच्याकडे आनंद दारोदार जायचा तो पेढ्यांच्या पुड्यातून. दहावीचा निकाल लागला की आई मला पुडा हातात देऊन वाड्यात पिटाळायची. देवापुढे एक, मग मोठ्यांना वाकून नमस्कार, मग सगळ्यांच्या हातावर पेढा. समोरचे डोक्यावर हात ठेवायचे, "मोठी हो" म्हणायचे आणि आईला सांगायचे, "पोरीनं नाव काढलं हो." ज्याच्या घरी आनंद झाला त्याने वाटायचं आणि इतरांनी त्यातलं घेऊन आशीर्वाद द्यायचा. त्यात माया होती, तोंडभर होती. पण दोन नंबरच्या खोलीतल्या काकूंनी चार नंबरच्या आजोबांना "आपल्या वाड्यातली पोर पास झाली, तुमचं अभिनंदन" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. इथे आनंदाच्या आसपास जे उभे आहेत ते एकमेकांनाही तो देतात. जून महिन्यात आमच्या गल्लीत फिरलं की एखाद्या घरावर राष्ट्रध्वज फडकताना दिसतो आणि काठीच्या टोकाला शाळेचं जुनं दप्तर लोंबकळत असतं. त्या घरातलं मूल शालान्त परीक्षा पास झालेलं असतं. ते घर अनोळखी असलं, तरी सायकलवरून जाणारा माणूस बागेत उभ्या आईबापांना ओरडून अभिनंदन करून जातो. बाळ जन्मलं की कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी लावून वर रंगीत दाणे पेरतात. बडीशेपेच्या जातीचे दाणे, साखरेत घोळवलेले, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. ऑफिसात नवा बाप ते तबक घेऊन फिरतो. दाताखाली दाणा फुटला की मला थेट साताऱ्याच्या खानावळीतलं जेवणानंतरचं तबक आठवतं.

या देशातल्या माणसांना कोरडं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पहिल्या काही वर्षांत मीही म्हणत असे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. कॉफीला यायचं तरी डायरी काढून तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरते. संध्याकाळी सहाच्या सुमारास कुणाच्या घरी सहज डोकावलंत तर यजमान दारातच घुटमळतो, कारण आत टेबलावर माणशी मोजलेले बटाटे वाढलेले असतात. पण याच कोरड्या माणसांच्या देशात मी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात पहिल्यांदा बसले, तेव्हा बाहेरून येणारा प्रत्येक माणूस दारात क्षणभर थांबून साऱ्या खोलीला "खूदेमॉर्खन" म्हणत होता आणि सारी खोली मान वर करून त्याला उत्तर देत होती. ताप असलेलं मूल मांडीवर घेतलेली आई, हाताला बँडेज बांधलेला रंगारी, डोळे मिटून बसलेल्या आजीबाई, सगळे. मग पुन्हा शांतता. पुढे कुणी कुणाशी अक्षर बोलत नव्हतं. आपल्याला काय झालंय, कुणी विचारलं नाही. आपण तिथे आहोत याची मात्र त्या खोलीने नोंद घेतली होती. त्या वेळी माझी भाषा अगदीच तुटपुंजी होती आणि दिवसाचे कितीतरी तास मी कुणाशी न बोलता काढत असे. त्या दिवसांत तो एक शब्द आणि त्याला आलेलं दहा आवाजांचं उत्तर मला दिवसभर पुरायचं.

बसमध्ये चढताना ड्रायव्हरला अभिवादन, मागच्या दाराने उतरतानाही लांबूनच "दूई!". दुकानात शिरल्यावर, निघाल्यावर. सुपरमार्केटमध्ये पावती हवी का विचारून झालं की काउंटरवरची मुलगी "फैने दाख नोख" म्हणते, म्हणजे उरलेला दिवस छान जावो. संध्याकाळी संध्याकाळ छान जावो, शुक्रवारी शनिवार-रविवार छान जावो. हे रोज शेकडो वेळा म्हणणाऱ्या त्या मुलीचं मन त्यात कितीसं असेल, असं पुण्याहून आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं होतं. मला तो प्रश्न पटत नाही. मन रोज, प्रत्येकात ओतायचं तर माणूस दुपारपर्यंत रिता होईल. अभिवादन म्हणजे भावना दाखवणं असं आपण धरून चालतो. इथे ते पाणपट्टीसारखं नेमाने भरायचं देणं आहे, आणि सगळे भरतात म्हणून सगळ्यांच्या नळाला पाणी येतं. पुण्यात बहिणीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये आम्ही सहाजण उभे असतो, सगळे चांगले, प्रेमळ, वेळप्रसंगी मध्यरात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारे लोक, आणि सगळे दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघत असतात. ओळखीच्या माणसाला आपण "काय, कसं काय, जेवण झालं का" पासून त्याच्या भाच्याच्या लग्नापर्यंत सगळं विचारतो. अनोळखी माणसासाठी मात्र आपल्याजवळ काही ठेवलेलंच नाही. गेटवरच्या वॉचमनला तर नाहीच. हे मला आता सलतं.

शहर सोडून जरा रानात गेलं की इथलं अभिवादन आणखी मोकळं होतं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यावर कुणी कुणाकडे बघत नाही, बघायला लागलं तर पाऊलच पुढे पडायचं नाही. पण ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी माखलेल्या हीथच्या माळावर फिरायला जा. समोरून येणारा प्रत्येक पायी माणूस काहीतरी म्हणून जातो. सायकलवरचा शेतकरी हँडलवरून हात न काढता नुसतं एक बोट वर करतो. तेवढं बोटही पुरेसं असतं.

फोनचं मात्र मला जड गेलं. आपण फोन उचलून "हॅलो" म्हणतो आणि पलीकडचा कोण ते आवाजावरून ताडतो. न ताडता आलं तर पलीकडचा थोडा रुसतोही: "ओळखलं नाहीस होय?" इथे उचलणारा आधी आपलं नाव सांगतो, करणाराही आधी आपलं नाव सांगतो, मग पुढचं. नाव न सांगता बोलायला लागणं हे दार न वाजवता घरात घुसल्यासारखं मानतात. माझ्या मुलीने पाचव्या वर्षीच हे उचललं. साताऱ्याहून आजीचा फोन आला की ती ताठ उभी राहून आपलं नाव सांगायची आणि पलीकडून माझी आई भरल्या आवाजात म्हणायची, "अगं, मला माहीत आहे की तू आहेस ते." त्या दोघींच्या मध्ये मी उभी असायचे आणि मला दोघींचंही बरोबर वाटायचं.

आम्ही राहतो ते फेल्डहोफन आइंडहोवनला लागून आहे. इथल्या यंत्रांच्या आणि चिपच्या उद्योगांमुळे मराठी घरंही आता बरीच झाली आहेत, गणपतीत आरतीला हॉल भरतो. हा सगळा मुलूख ब्राबांत प्रांताचा. मोठ्या नद्यांच्या दक्षिणेकडे आलं की डच भाषेतला तो घशातून खरवडत येणारा 'ख' मऊ होतो, जवळजवळ 'ह'कडे झुकतो. उत्तरेकडून आलेला माणूस बोलायला लागला की आमची भाजीवाली ते लगेच ओळखते. निरोपाचा इथला शब्द आहे "हाउदू". 'स्वतःला सांभाळा' एवढा अर्थ असलेलं आख्खं वाक्य झिजत झिजत दोन अक्षरांवर आलं आहे. शेवटचा 'दू' लांबवून, जरा सूर लावून म्हणतात. शनिवारच्या बाजारात चीजच्या गाड्यापासून माशांच्या गाड्यापर्यंत हाउदू, हाउदू असं चाललेलं असतं. मला तो शब्द म्हणायचं धाडस व्हायला बराच काळ जावा लागला. तो पुस्तकातून शिकता येत नाही आणि परक्याच्या तोंडी तो नकल वाटेल अशी भीती असते. एक दिवस भाजीवाल्या बाईला सुटे पैसे देता देता तो आपोआप निघाला. तिने वर बघितलंही नाही, नुसतं "हाउदू" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला हवं होतं ते हेच.

उत्तरेला ख्रोनिंगन आणि ड्रेन्थमध्ये "मोय" चालतं, येतानाही मोय आणि जातानाही मोय. फ्रीसलंडची तर भाषाच वेगळी. तिथला एक निरोप मात्र साऱ्या देशाला पाठ होता, तो पीट पाउलुस्मा यांच्यामुळे. हे टीव्हीवर हवामान सांगायचे. स्टुडिओत न बसता रोज वेगळ्या गावात, उघड्यावर, लोकांच्या घोळक्यात उभे राहून सांगायचे आणि शेवटी फ्रीजियन भाषेत म्हणायचे, "ओअंत मोअर्न", म्हणजे उद्यापर्यंत. घोळक्यातली माणसंही एका सुरात तेच म्हणायची. मी नवखी असताना त्यांच्या अंदाजातलं अर्धंअधिक मला कळत नसे, पण त्या निरोपासाठी मी थांबत असे. २०२२च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा लोकांनी त्यांना त्यांच्याच या दोन शब्दांनी निरोप दिला. आमच्या ब्राबांतमध्येही, जिथे एरवी फ्रीजियनचा एक शब्द कुणाच्या तोंडी नसतो, त्या आठवड्यात दुकानांत तो ऐकू येत होता.

हात मिळवणं आणि गालाला गाल लावून तीन मुके, हे मी शेवटी शिकले. उजवा, डावा, पुन्हा उजवा. मुका खरं तर हवेतच, पण गालाची ऊब आणि अत्तराचा वास खरा. साताऱ्यातल्या मुलीला पहिल्यांदा एका सहकाऱ्याने वाढदिवसाला असे तीन मुके दिले, तेव्हा मी लाकडासारखी उभी होते. नंतर सवय झाली, आणि सवय होते न होते तोच करोना आला. ९ मार्च २०२० च्या संध्याकाळी पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी पत्रकार परिषदेत लोकांना सांगितलं की यापुढे हात मिळवू नका. सांगून झाल्यावर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या याप फान दिसल यांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्याच क्षणी चटका बसावा तसा सोडला. सारा देश हसला. मला मात्र त्यात त्या देशाचा हातच दिसला. इतक्या पिढ्या पुढे येत असलेला हात, त्याला एका संध्याकाळीत कळणार कसं?

याच हातावरून २००४ साली मोठा वाद झाला होता. तेव्हाच्या एकात्मीकरण मंत्री रीटा फेरडॉंक यांनी सूस्टरबेर्खमधल्या एका सभेत हात पुढे केला आणि आमच्या शेजारच्या टिलबुर्ख शहरातल्या अहमद सलाम या इमामांनी, परस्त्रीशी हात मिळवणं आपल्या धर्मात बसत नाही म्हणून, तो घेतला नाही. कॅमेरे होते, आणि मग कितीतरी दिवस देश त्या न मिळालेल्या हातावर बोलत होता. मी तेव्हा इथे नव्हते, ती चित्रफीत नंतर बघितली. मंत्रीणबाईंचा अवघडलेला हात बघून वाईट वाटलं. मग साताऱ्याची माझी आजी आठवली. परपुरुषाशी तिने आयुष्यात हात मिळवला नव्हता. कुणी पुढे केलाच असता तर तिने पदर सावरून दोन हात जोडले असते, आणि त्यात समोरच्याचा अपमान करायचा विचारही तिच्या मनात आला नसता. पुढे करोनात माझे डच सहकारी पडद्यावरून आणि दीड मीटरवरून एकमेकांना हात जोडून नमस्कार करू लागले. त्यांना तो फार सोयीचा वाटला. हात आता परत आला आहे. तीन मुके मात्र माझ्या आसपास तरी पुरते परतले नाहीत. सत्तरीच्या शेजारणीकडे अजून आहेत, माझ्या वयाच्या बायका एका मिठीवर भागवतात, आणि मुलीच्या मैत्रिणी लांबूनच "हॉय" म्हणून मोकळ्या होतात. ज्या गोष्टीने मला कधीकाळी लाकूड केलं होतं ती नाहीशी होताना बघून मला वाईट वाटतंय, हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

आजारपणाचे आणि दुःखाचे शब्दही इथे नेमलेले आहेत. कुणी आजारी असेल तर "बेतरस्खाप", बरं वाटो. कुणावर कठीण वेळ आली असेल तर "स्टेर्क्ते", बळ मिळो. बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी तिकीट काढून ऑफिसात सांगायला गेले. कुणी माझ्या गळ्यात पडलं नाही, कुणी तपशील विचारले नाहीत. एकेक जण टेबलापाशी आला, "स्टेर्क्ते" म्हणाला, गेला. विमानात बसल्यावर मला आईकडच्या गर्दीची, रडण्याची, "अगं कसं गं झालं" म्हणत जवळ घेणाऱ्या मावश्यांची तहान लागली होती. मुंबईपासून साताऱ्यापर्यंत ती भागली, इतकी भागली की दवाखान्याच्या जिन्यात बाबांची हकिगत वीसजणांना पहिल्यापासून सांगताना माझा आवाजच गेला. त्या जिन्यात उभी असताना मला माझ्या टेबलापाशी येऊन एकच शब्द ठेवून गेलेली ती माणसं आठवली. दोन्ही हवं होतं. अजूनही दोन्ही हवं असतं, आणि दोन्ही एका गावात मिळत नाही.

वाढदिवसानंतर काही महिन्यांनी शेजारणीचे यजमान गेले. अंत्यविधी संपल्यावर शेजारच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक होता, आणि कुटुंबाला भेटायला रांग. प्रत्येकजण हात देऊन "खेकोंडोलेअर्त" म्हणत पुढे सरकत होता. बहिणीला मेव्हण्याबद्दल, नातीला आजोबांबद्दल. मग लक्षात आलं की रांगेतली माणसं एकमेकांचंही सांत्वन करताहेत. मार्चमध्ये दाराजवळ बसलेले ते उंच गृहस्थ इथेही होते. त्यांनी मला ओळखलं, हात दिला आणि शेजाऱ्याबद्दल माझं सांत्वन केलं. तीच चाल, तोच हात, नात्याचं नाव घालून तसंच वाक्य. मार्चपासून मनात घोळत असलेल्या गोष्टीचा धागा मला तिथे गवसला. या लोकांनी जवळिकीचं मोजमाप ठेवलेलं नाही. तुम्ही त्या माणसाच्या बाजूला राहत होता ना, मग त्याच्या असण्यातलं आणि नसण्यातलं थोडं तुमच्याकडे येणारच. ते मान्य करायला त्यांना एक वाक्य पुरतं. मी त्या दिवशी रडले. शेजारीण नाही रडली. तिने माझ्या हातात कॉफी दिली.

तरीही एवढ्यावर भागतं असं नाही. तो हात, तो शब्द, आणि मग दार बंद होतं. आता शेजारीण एकटी आहे. सकाळी पडदे उघडतात, संध्याकाळी मिटतात. सगळे तिला अभिवादन करतात आणि तिच्या कॉफीला कुणी येत नाही, असे आठवडे मी बघितले आहेत. हे इथल्या लोकांनाही दिसतं. २०१९ साली आमच्या ब्राबांतमधल्याच फ्लैमन गावात जम्बो सुपरमार्केटने एक 'क्लेट्सकासा' सुरू केला, गप्पांचा काउंटर. ज्याला घाई नाही त्याने त्या रांगेत उभं राहायचं, तिथली मुलगी सामान सावकाश मोजते, बोलते, ऐकते. एकाकी म्हाताऱ्यांसाठी ही सोय होती, आणि पुढे ती दोनशे दुकानांत करायचं ठरलं. गप्पांसाठी वेगळी रांग लावावी लागते याचं आमच्या साताऱ्यात कुणालाही हसू येईल, कारण तिथे वाण्याच्या दुकानातली कुठलीच रांग गप्पांशिवाय पुढे सरकत नाही. मला हसू येत नाही. आपल्याकडे काय कमी पडतंय हे ओळखून दुकानात त्याची सोय करणारी माणसं मला आवडतात. आपल्याकडेही आता म्हातारे एकटे आहेत, पुण्यात तर आहेतच, आणि आपण अजून "आमच्याकडे तसं नसतं" म्हणतोय. हल्ली बुधवारी दुपारी मी शेजारणीकडे जाते, डायरीत न लिहिता. पहिल्यांदा ती दारात घुटमळली. आता घुटमळत नाही.

भारत आणि हॉलंडचा संबंध म्हटला की मला पूर्वी वेंगुर्ल्याची डच वखार आठवायची, झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या तिच्या पडक्या भिंती. आता द हेगचा बाजार आठवतो. हागसे मार्क्ट म्हणतात त्याला, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. दोडकी, कारली, हिरव्या मिरच्या, हातभर लांब चवळीच्या शेंगा हव्या असल्या की आम्ही तिथे जातो. तिथे सुरिनामी हिंदुस्तानी लोकांचे गाळे आहेत. यांचे पूर्वज १८७३ ते १९१६ या काळात कलकत्त्याहून जहाजांत भरून दक्षिण अमेरिकेतल्या, तेव्हा डच वसाहत असलेल्या सुरिनामच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, चौतीस हजारांच्या वर माणसं. 'लाला रुख' हे पहिलं जहाज ५ जून १८७३ रोजी तिथे पोचलं. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यातले हजारो लोक इथे आले आणि बरेच द हेगमध्ये स्थिरावले. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या बोलींतून बनलेली त्यांची सरनामी मला अर्धी कळते.

भाजीच्या एका गाळ्यावर एक बाई उभ्या असतात, पासष्टीच्या, अंगात जाड जाकीट, हातात बांगड्या. मी गेले की त्या "राम राम" म्हणतात. माझ्या मागच्या डच गिऱ्हाइकाला "खूदेमिडाख", आणि पलीकडून जाणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सुरिनामी क्रिओल माणसाला त्यांच्या स्रनान भाषेत "फा वाका?" हे सगळं एका श्वासात, हात भाजी तोलत असताना. समोरचा कोण हे बघून तोंडात बरोबर ते अभिवादन येतं, आणि कुणीही त्यातून सुटत नाही. राम राम ऐकून मी पहिल्यांदा थबकले होते. साताऱ्यात माझे आजोबा बांधावरून जाणाऱ्या माणसाला असंच म्हणायचे. या बाईंच्या पणजोबांनी जहाजात चढताना जवळ काय काय नेलं असेल कोण जाणे, पण हे नेलं होतं, आणि दोन समुद्र ओलांडून या ओल्या, वाऱ्याच्या बाजारात आणलं होतं.

मागच्या खेपेला त्यांचा नातू आला, सोळा-सतरा वर्षांचा, कानात इअरफोन, पाठीवर दप्तर. लांबूनच म्हणाला, "हॉय आजी!" मी चमकून वळले. त्यांच्याकडेही बापाच्या आईला आजीच म्हणतात. आजीने त्याच्या कानातला इअरफोन काढला, माझ्याकडे बोट केलं आणि सरनामीत दरडावलं, आधी यांना भेट. त्याने मला हात जोडून राम राम केला, मग विचार करून डच पद्धतीने हातही पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. मी माझं सांगितलं. मग तो गाळ्यामागे जाऊन पोत्यातली कारली काढू लागला आणि आजी माझ्या शेंगा तोलायला लागल्या. अर्धा किलो मागितल्या होत्या. त्यांनी एक मूठ वर टाकली आणि मुलगी कितवीत गेली ते विचारलं.